आईच्या ताटात काय उरते?

जुलै महिना होता. गाडीतळावर चिखलाचा राडा झालेला आणि दवाखान्यात जुलाब-उलट्यांच्या पोरांची रांग लागलेली. त्या रांगेत एक आई बसली होती. कडेवर सव्वादोन वर्षांचा धाकटा, पदराला धरून चार वर्षांचा थोरला. थोरल्याने तेवढ्या वेळात वजनकाट्यावर तीनदा उड्या मारल्या आणि चपला दारापासून बाकाखाली नेऊन ठेवल्या. ती दमून म्हणाली, "काय सांगू डॉक्टर, गाडीतळावर सोडले तर एक सासवड रोडला पळेल आणि दुसरा सोलापूर रोडला. मी मधेच उभी!" सगळी रांग हसली.

धाकट्याला दोन दिवस जुलाब होते. मी विचारले, "काय काय खाल्लं त्याने?" तिने पाढा म्हटल्यासारखे सांगितले, "काल सकाळी अर्धी चपाती दुधात कुस्करून. दुपारी चार घास वरणभात. संध्याकाळी अर्धं केळं, ते टाकलं. रात्री मऊ भात, सहा-सात चमचे. आज सकाळपासून नुसतं पाणी." लघवी कितीदा झाली, शेवटची कधी झाली, तेही तिला तोंडपाठ होते.

मी सहज विचारले, "आणि तुम्ही काल काय खाल्लंत?"

"मी? मी खाल्लं की."

"काय खाल्लंत?"

ती थांबली. आठवू लागली. सकाळी चहा घेतला होता, एवढे आठवले. दुपारी पोरांच्या ताटातले उरलेले खाल्ले होते बहुतेक. रात्रीचे काही केल्या आठवेना. धाकट्याच्या चोवीस तासांतला घास न् घास ठाऊक असलेल्या त्या माउलीला स्वतःच्या पोटात काय गेले, ते सांगता येत नव्हते.

धाकट्याला तपासताना तिने त्याचा हात धरून ठेवला होता. आजारी पोराचा तळवा गुलाबी आणि आईचा पांढुरका! तिची खालची पापणी ओढून पाहिली, तीही फिकी. रक्त तपासू या म्हटले, तर म्हणते, "मला काय झालंय डॉक्टर? ह्याचं बघा आधी." पुष्कळ समजावल्यावर बोटभर रक्त दिले. हिमोग्लोबिन निघाले ८.४. तिच्या वयाच्या, गर्भार नसलेल्या बाईचे ते निदान १२ असावे लागते.

वाचकहो, ही काही एकीचीच कथा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० भारतीय स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया, आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांत हेच प्रमाण १०० मागे ६७ होते. म्हणजे ज्या घरात दोन लहान मुले आणि त्यांची आई आहे, त्या घरात कुणाचे तरी रक्त कमी असण्याचीच शक्यता जास्त. मुलांचे निदान वजन तरी होते. आईला कोण विचारतो?

आधी धाकट्याचे जुलाब

आईचे मन धाकट्यात गुंतले होते, म्हणून आधी त्याचेच सांगते.

तिने घरी जीवनजल दिले होते, पण पुडीतली चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात टाकून. ही चूक फार घरांत होते. कुणी अर्धी पुडी पेल्यात टाकतात, कुणी पाणी अंदाजाने घेतात. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती सगळीच्या सगळी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवायची. पुडी लहान असेल तर तिच्यावर छापलेले पाण्याचे माप वाचायचे. पाणी कमी पडले तर मीठ जास्त होऊन मुलाला अपाय होतो. पाणी जास्त झाले तर उपयोग कमी होतो. केलेले पाणी चोवीस तासांत संपवायचे, उरले तर ओतून द्यायचे.

दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर अर्धा ते एक कप द्यावे. दोन वर्षांखालच्याला पाव ते अर्धा कप पुरते. गटागटा पाजू नये, चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे मऊ जेवण चालू ठेवावे. पोटाला आराम म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. सहा महिन्यांवरच्या मुलाला जस्ताची, म्हणजे झिंकची, २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी चौदा दिवस देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी चौदा दिवस पुरी करावी.

डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले, मूल मलूल पडले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरी थांबू नये. रात्रीअपरात्री १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

एवढ्याशा पुडीचे महत्त्व वाटत नसेल, तर १९७१ साल आठवा. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि असंख्य जीव वाचवले. पाजणारे हात बहुतेक घरच्याच माणसांचे होते.

धाकटा चार दिवसांत खेळू लागला. राहिली त्याची आई.

पहाटेपासून रात्रीपर्यंत

पुढच्या वेळी ती एकटीच आली, तेव्हा मी तिला तिचा दिवस विचारला. नवरा रामटेकडीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला. घरात गुडघ्याने अधू झालेल्या सासूबाई. साडेपाचला उठायचे, कारण पाणी ठराविक वेळीच येते. ते भरून होते तोवर नवऱ्याच्या डब्याची वेळ. डबा भरताना धाकटा उठतो आणि पायाला मिठी मारतो. मग त्याला एका कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने चपात्या. थोरल्याला आंघोळ घालून बालवाडीत सोडायचे. तेव्हाही धाकटा कडेवर, कारण त्याला चालायचे नसते, आणि थोरल्यालाही चालायचे नसते, कारण धाकटा कडेवर असतो!

दुपारी सासूबाईंचे जेवण, पोरांचे जेवण. दोघे निजले की शिलाई मशीनवर बसून शेजारपाजारच्या साड्यांना फॉल-पिको. त्यातून हातखर्च सुटतो. चार वाजता दोघे उठतात आणि एकाच गाडीसाठी भांडतात. घरात गाड्या चार आहेत, पण भांडण नेहमी चाक मोडलेल्या गाडीवरून. मग पुन्हा स्वयंपाक, नवऱ्याचे येणे, भांडी. धाकटा रात्री दोनदा उठतो.

"आणि तुम्ही जेवता कधी?"

"सगळ्यांचं झालं की."

सगळ्यांचे झाले की काय उरते? भाजीचा रस उरतो, फोडी संपलेल्या असतात. डाळीवरचे पाणी उरते. पोरांनी अर्धवट खाल्लेली चपाती आणि कालवलेला भात उरतो. "टाकवत नाही हो," ती म्हणाली. अन्न टाकू नये, हे खरेच. पण जी बाई दिवसभर सगळ्यांसाठी रांधते, तिचे जेवण म्हणजे ताटात उरलेले, हा कुठला न्याय? शिवाय भूक मारायला दिवसातून पाच वेळा चहा. त्या चहाचा हिशेब पुढे येईलच.

रक्त कमी झाले म्हणजे काय होते?

आपल्या रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू उचलून अंगभर पोहोचवते. ते तयार व्हायला लोह लागते. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन घटते आणि प्राणवायू पुरा पडत नाही. मग जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय ओढल्यासारखे होतात, डोके दुखते. काही जणींना माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. त्याची चेष्टा होते, पण बऱ्याचदा ते लोह कमी असल्याचेच लक्षण असते.

आता थोडा हिशेब मांडू. एका गर्भारपणाला सुमारे १ ग्रॅम लोह लागते. ऐकायला किती थोडे! पण रोजच्या जेवणातून आपल्या अंगी लागणारे लोह जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम असते, आणि त्यातले बरेचसे रोजच्या झिजेत आणि पाळीच्या रक्तस्रावात जाते. शिल्लक पडणार किती? हजार मिलिग्रॅमची उधारी अशी फेडायला काही वर्षे लागतील. या बाईच्या दोन बाळंतपणांत अंतर होते एकवीस महिन्यांचे. पहिली उधारी फिटली नाही तोच दुसरी डोक्यावर बसली.

म्हणूनच एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर राखा असे आपल्याकडे आरोग्य कार्यकर्त्या घरोघर सांगतात. ते बाळासाठी आहेच, पण आईच्या रक्तासाठीही आहे.

मुलांचे कार्ड जपले, आईचे हरवले

तिने पिशवीतून दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डे काढली. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, एकही घडी नाही. दोघांना जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशी, नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाची पहिली आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरी. एकही चुकलेली नाही. थोरल्याचा पाचव्या वर्षीचा डोस कधी, तेही तिला माहीत होते. अशा आया आहेत म्हणूनच गोवर-घटसर्पाने घरे रिकामी होण्याचे दिवस मागे पडले.

हडपसरकरांना तर लशींचे अप्रूप वाटायला नको. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी उभी केलेली सीरम इन्स्टिट्यूट आपल्या शेजारीच आहे. इथे तयार झालेली गोवराची लस जगातल्या शंभराहून अधिक देशांतल्या बाळांच्या दंडाला टोचली गेली आहे. जगातल्या बाळांची काळजी वाहणाऱ्या या गावात बाळांच्या आईचे कार्ड मात्र सापडत नाही. मी विचारले, "तुमचं बाळंतपणाचं कार्ड?" ते हरवले होते. धाकटा झाला त्या दिवसापासून तिचे रक्त कुणी तपासलेच नव्हते. गर्भारपणात दर महिन्याला वजन, रक्तदाब, गोळ्या. बाळ बाहेर आले की आई सगळ्यांच्या नजरेआड! वास्तविक, बाळंतपणानंतरही सहा महिने रोज लोहाची गोळी घ्यायची असते आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. किती जणी घेतात? ही बाई म्हणाली, "दिल्या होत्या, पण बाळ रडायचं, राहून गेलं."

पुण्याजवळच्या सहा खेड्यांनी काय सांगितले

आई काय खाते आणि किती राबते, याचा मुलांशी किती जवळचा संबंध आहे, हे शोधण्याचे मोठे काम आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या शेकडो स्त्रियांची गर्भारपणापूर्वीपासून नोंद ठेवली. त्या काय खातात, किती काम करतात, बाळ किती वजनाचे होते, पुढे ते कसे वाढते, हे सारे वर्षानुवर्षे तपासले.

त्यातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. ज्या स्त्रिया गर्भारपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेत, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. आणि ज्या स्त्रियांवर शेताचे, पाण्याचे, घरचे काम जास्त होते, त्यांची बाळे लहान होती. याच स्त्रियांपैकी पुष्कळ जणींच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. तेही रक्त तयार होण्यासाठी लागतेच, आणि ते मिळते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून. नुसत्या चपाती-भाजीतून ते मिळत नाही.

सांगायचे एवढेच की, पालेभाजीची जुडी आणि थोडी विश्रांती या आईच्या चैनी नव्हेत. पुढच्या पिढीच्या हाडामांसाची सोय त्यांतूनच होते.

ताट कसे असावे?

हडपसरच्या बाजारात भाजीला तोटा नाही. महाग औषधी पावडरींच्या मागे लागण्याआधी घरातले ताट नीट करावे.

बाजरीची भाकरी गव्हाच्या चपातीपेक्षा लोहाच्या बाबतीत सरस आहे. मटकी, हुलगा, चवळी, हरभरा यांना मोड आणून उसळ करावी. मोड आणल्याने त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. मेथी, माठ, शेपू, चवळीचा पाला यांपैकी एक भाजी रोज असावी. तिळाची चटणी, अळीवाचा लाडू हे आपल्या आज्यांचे शहाणपण आहे. मांसाहार चालत असेल तर अंडी, सुकट, मटण, कलेजी अधूनमधून घ्यावी. मांसातले लोह सर्वांत चटकन अंगी लागते. भाजी लोखंडी कढईत करावी.

या सगळ्यावर लिंबू पिळायला विसरू नये. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व धान्य-भाजीतले लोह शोषायला मदत करते. आणि चहा याच्या बरोबर उलट वागतो. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की त्यातले टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि ते तसेच बाहेर जाते. चहा सोडा असे मी म्हणत नाही, त्याशिवाय या बाईचा दिवस ढकलणार नाही. पण जेवणाच्या आधी आणि नंतर एक-एक तास चहा नको.

बीट आणि डाळिंब लाल असतात, म्हणून ती रक्त वाढवतात, हा समज चुकीचा आहे. ती जरूर खावीत, पण त्यांत लोह फारसे नसते. गूळ-शेंगदाणेही चांगलेच. मात्र एकदा हिमोग्लोबिन आठावर आले की नुसत्या खाण्याने ते बारावर जात नाही. तेव्हा गोळी लागतेच.

मुलांसाठीही एक गोष्ट सांगते. मूल जेवत नाही म्हणून दिवसभर दुधाची बाटली तोंडात देण्याची सवय वाईट. दुधात लोह जवळजवळ नसतेच आणि पोट मात्र भरते. वर्षावरच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध देऊ नये, बाकी जेवण द्यावे. जंतांची गोळी वर्षातून दोनदा अंगणवाडीत व शाळेत मिळते, ती चुकवू नये.

गोळी घेताना

लोहाच्या गोळीबद्दल तक्रारी असतात. मळमळते, पोट दुखते, शौचास काळे होते. काळे होण्याला घाबरू नये, ते लोहामुळेच असते. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, पण दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर उत्तम. किती गोळ्या आणि किती दिवस, ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही आणखी दोन-तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, कारण शरीराची कोठी रिकामी झालेली असते. महिनाभर गोळ्या घेऊनही रक्त वाढले नाही, तर पाळीचा अतिस्राव, मूळव्याध, ब-१२ ची कमतरता किंवा थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष आहे का, हे पाहावे लागते.

आणि दोन लहान मुले असलेल्या घराला माझी हात जोडून विनंती आहे. या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. लाल रंगाच्या, गोड वेष्टणाच्या गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात. आईसाठी औषध असलेल्या या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर ते विष ठरते, जीवही जाऊ शकतो. खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी मूल दिसायला बरे असो वा नसो, ताबडतोब रुग्णालय गाठा. गोळ्या कुलपात किंवा वरच्या फडताळात ठेवा. खुर्चीवर चढणारा थोरला घरात आहे, हे ध्यानात असू द्या.

चिडणे आणि रडणे

त्या दिवशी जाताना ती दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? मी फार मारते हो पोरांना. थोरल्याला जास्त. मग ती झोपली की त्याच्या पाठीवरून हात फिरवत रडत बसते. मी वाईट आई आहे का?"

भगिनींनो, हा प्रश्न मनात आलेली आई वाईट नसते. ज्या शरीरात रक्त कमी, झोप तुटक आणि दिवसभर कडेवर ओझे, त्याचा संयम लवकर सुटतो. तो स्वभावदोष समजू नये. पण मारण्याने पोर सुधारतही नाही, नुसते घाबरते आणि धाकट्याला मारायला शिकते.

थोरल्याचेही दुःख समजून घ्यावे. पावणेदोन वर्षांचा असताना त्याची मांडी दुसऱ्याने घेतली. "तू मोठा ना, दे त्याला," हे तो तेव्हापासून ऐकतो आहे. चार वर्षांचे पोर मोठे नसते. रोज दहा मिनिटे फक्त त्याची ठेवावीत. धाकटा आजीजवळ किंवा बापाजवळ असावा आणि थोरल्याने म्हणावे तो खेळ खेळावा. त्याने धाकट्याला काही दिले की कौतुक करावे. राग अनावर झाला तर मुलांना सुरक्षित बसवून आपण दोन मिनिटे बाहेर यावे, तोंडावर पाणी मारावे.

मात्र मन सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, मूल झोपले असतानाही झोप येत नसेल, मुलाला किंवा स्वतःला काही करून घ्यावे असे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. बाळंतपणानंतर तो पुष्कळ जणींना होतो. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

घरच्यांना दोन शब्द

तिसऱ्या वेळी मी नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावून घेतले. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नाय का केलं? चार पोरं वाढवली, शेतात राबलो. आमचं रक्त कुणी तपासलं?" मी म्हटले, "चला, आज तपासू." तपासले. त्यांचे निघाले ९. म्हातारी गप्प झाली आणि मग सुनेकडे पाहू लागली. पाळी गेलेल्या बाईचे रक्त कमी असेल तर त्याचे कारण शोधावेच लागते, म्हणून त्यांच्याही पुढच्या तपासण्या सुरू केल्या. त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. त्यांचे रक्त खरोखरच कुणी तपासले नव्हते. म्हणूनच सुनेचे तपासायला हवे होते.

नवरा भला माणूस. त्याला काही ठाऊकच नव्हते. "ती कधी बोलली नाही," म्हणाला. बायका बोलत नाहीत, हे गृहीत धरून पुरुषांनी विचारायला हवे. पुढे मूल नको असे दोघांचेही मत होते आणि शस्त्रक्रिया तिनेच करायची, असे घरात ठरूनही गेले होते. मी सांगितले की पुरुषाची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, पोट उघडावे लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो आणि पुरुषत्वाला कसलीही बाधा येत नाही. पुरता परिणाम व्हायला तीन महिने लागतात, तोवर दुसरे साधन वापरावे लागते. आठच्या घरात हिमोग्लोबिन असलेल्या बायकोला टेबलावर झोपवण्याआधी एवढा विचार व्हायला नको का?

शेवटी तिघांना मिळून पाच गोष्टी लिहून दिल्या. त्या तुमच्याही घरी चालतील.

१. रात्री सगळ्यांनी एकदमच जेवायला बसायचे. ते जमत नसेल तर भाजी-डाळीची आईची वाटी आधी काढून ठेवायची.

२. आईची गोळी रोज आठवणीने देण्याचे काम घरातल्या एका माणसाने अंगावर घ्यायचे.

३. दुपारचा अर्धा तास आईने आडवे व्हायचे. फॉल-पिको नंतर.

४. धाकट्याला नेहमी एकाच कडेवर घ्यायचे नाही. उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकायचे. नवरा घरी असेल तेव्हा उचलणे त्याच्याकडे.

५. दोन्ही मुलांनी जेवल्यावर आपापले ताट उचलून मोरीत ठेवायचे. चार वर्षांच्याला हे सहज येते, सव्वादोनचा त्याचे पाहून करतो.

पाचवी गोष्ट वाचून सासूबाई हसल्या, "पोरगे हायत ते!" मी म्हटले, "म्हणूनच."

तीन महिन्यांनी ती आली तेव्हा हिमोग्लोबिन १०.९ झाले होते. बारा व्हायला अजून अवकाश होता, पण चेहऱ्यावर तजेला होता. आल्या आल्या म्हणाली, "डॉक्टर, विचारा काल काय खाल्लं ते." मी विचारले. तिने सांगितले. सकाळी भाकरी आणि मेथी, दुपारी मटकीची उसळ, वर लिंबू, संध्याकाळी पेरू, रात्री एक अंडे. "लिंबाची फोड थोरला आणून देतो. विसरलं की ओरडतो, आईचं लिंबू, आईचं लिंबू!"

धाकटा तेवढ्यात वजनकाट्यावर उभा राहिला होता. त्याला उतरवून मी म्हटले, "आता आईची पाळी." ती काट्यावर उभी राहिली आणि दोन्ही पोरे खाली बसून, काटा किती पुढे सरकतो ते टक लावून पाहू लागली.